संगणकसाहाय्यित आरेखन : टंकित आज्ञा व नियामक मूल्ये

संगणकाच्या साहाय्याने अभियांत्रिकीय वा वास्तुशास्त्रीय आरेखन करताना आरेखक कळफलकावरून शब्द, अक्षरे व अंक यांच्या रूपाने जी सूचना संगणकास देतो, तीस टंकित आज्ञा म्हणतात. ही आज्ञा कोणत्या एककात, कोणत्या दिशेस आधार मानून, कोणत्या मापप्रमाणानुसार व किती अचूकतेने अंमलात आणावयाची, हे ज्या अगोदर ठरविलेल्या मूल्यांवर अवलंबून असते, त्यांना नियामक मूल्ये म्हणता येईल. व्यवहारात त्यांना ‘सेटिंग’ असे म्हणतात. आज्ञा पडद्यावर दिसते व तिचा परिणामही तत्काळ दिसतो. नियामक मूल्य मात्र सहसा दृष्टीआड राहते. आज्ञा तीच व अंकही तेच, परंतु नियामक मूल्ये भिन्न असतील, तर मिळणारी आकृती भिन्न असते. म्हणून टंकित आज्ञेचा अर्थ त्या वेळी लागू असलेल्या नियामक मूल्यांसह घेतला, तरच तो पूर्ण होतो.

प्रस्तुत लेखात मुख्यत्वे ऑटोकॅड ह्या सर्वपरिचित आज्ञावलीचा आधार घेतला आहे. लेखातील आज्ञांची व मूल्यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत व अंकही तथाकथित इंग्रजी आकड्यांत टंकित करावे लागतात.

आवश्यकता : कागदावरील आरेखनात रेषेची लांबी पट्टीने मोजून घेतली जाते. पेन्सिलीच्या रेषेची जाडी ०·२ मिमी. धरली, तर १ : १०० मापप्रमाणाच्या नकाशात तेवढी जाडी जमिनीवरील २० मिमी. अंतराएवढी होते. म्हणून कागदावरील रेषा ही केवळ निदर्शक मानतात व तिच्याजवळ लिहिलेला आकडा प्रमाण मानतात. संगणकीय आरेखनात ही स्थिती पालटते. येथे रेषा म्हणजे तिच्या दोन टोकांच्या सहनिर्देशकांचा (बिंदूचे स्थान दर्शविणाऱ्या अंकांचा) संच होय. हे अंक सु. १५ सार्थ अंकांपर्यंतच्या अचूकतेने साठविले जातात. परिमाणाचा आकडा, क्षेत्रफळ, पोलादाचे वजन किंवा कर्तनयंत्राचा मार्ग ही सर्व त्या साठविलेल्या अंकांवरूनच काढली जातात.

माऊसने पडद्यावर केवळ अंदाजाने बिंदू निवडल्यास ३,००० मिमी. लांबीच्या भिंतीऐवजी २,९९९·८७ मिमी. लांबीची भिंत नोंदली जाऊ शकते. पडद्यावर हा फरक दिसत नाही, पण भिंतीची टोके जुळत नाहीत, आकृती बंदिस्त होत नाही व पुढची सर्व मापे त्या चुकीवर आधारली जातात. लांबी व दिशा अंकांनी देणे हा हा दोष टाळण्याचा सर्वांत सरळ उपाय होय.

इतिहास : भूमितीय आकृती शब्दांनी व अंकांनी सांगण्याची पद्धत पडद्यावरील आरेखनाहून जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली व १९५९ मध्ये जाहीर झालेली ‘एपीटी’ ही भाषा यांत्रिक हत्यारांच्या अंकीय नियंत्रणासाठी होती. तीत बिंदू, रेषा, वर्तुळ यांची व्याख्या लिखित विधानांनी करीत. याउलट आयव्हन सदरलँड यांनी त्याच संस्थेतील आपल्या पीएच्.डी.च्या कामासाठी १९६३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘स्केचपॅड’ ह्या प्रणालीत प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आरेखन करीत व बटणे आणि खुंट्या यांनी संगणकास सूचना देत. लिखित विधान व प्रत्यक्ष निर्देश हे दोन प्रवाह पुढे आरेखनाच्या आज्ञावल्यांत एकत्र आले.

जॉन वॉकर व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ऑटोडेस्क ही कंपनी स्थापन केली. मायकेल रिडल यांच्या ‘इंटरॅक्ट’ ह्या आज्ञावलीतून विकसित झालेली ऑटोकॅड ही आज्ञावली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास व्हेगस येथील संगणक प्रदर्शनात दाखविण्यात आली व डिसेंबरमध्ये विक्रीस आली. त्या काळच्या व्यक्तिगत संगणकांवर चित्रमय निर्देशांची सोय तुटपुंजी असल्याने आज्ञा टंकित करणे स्वाभाविक होते. १९८६ मध्ये तीत ‘ऑटोलिस्प’ ह्या भाषेचा समावेश झाला व अनेक आज्ञांचा क्रम लिहून ठेवणे शक्य झाले. १९९७ ची चौदावी आवृत्ती केवळ विंडोज ह्या कार्यप्रणालीसाठी निघाली. २००६ च्या आवृत्तीत दर्शकाजवळच अंक भरण्याची सोय झाली व २००९ च्या आवृत्तीत चित्रमय पट्टी आली. तथापि आज्ञारेषा टिकून राहिली, कारण बटण दाबले तरी अखेर आज्ञाच कार्यान्वित होते व पुढील अंक द्यावेच लागतात.

आज्ञेचे स्वरूप : आज्ञेचे नाव टंकित करून एंटर कळ दाबली की, आज्ञावली एकेक माहिती क्रमाने विचारते. ‘सर्कल’ ही आज्ञा दिल्यास प्रथम वर्तुळमध्य व नंतर त्रिज्या विचारली जाते. प्रश्नाबरोबर चौकटी कंसात पर्याय दिलेले असतात. त्यांतील ठळक अक्षर टंकित केले, तर तो पर्याय निवडला जातो. कोनी कंसात दिलेले मूल्य हे गृहीत मूल्य असते. काहीही न लिहिता एंटर दाबल्यास तेच घेतले जाते. सहसा हे पूर्वी वापरलेले मूल्य असल्यामुळे ते वाचल्याशिवाय एंटर दाबणे हे चुकांचे एक नित्याचे कारण आहे.

वारंवार लागणाऱ्या आज्ञांसाठी संक्षेप असतात. उदा., ‘लाइन’साठी ‘एल’, ‘सर्कल’साठी ‘सी’, ‘मूव्ह’साठी ‘एम’. हे संक्षेप एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नोंदलेले असून आरेखकास ते बदलता येतात. आज्ञेच्या नावापूर्वी लावावयाच्या चिन्हांनाही निश्चित अर्थ आहेत. लोपचिन्ह लावल्यास चालू आज्ञा न थांबवता मध्येच दुसरी आज्ञा देता येते, उदा., रेषा काढताना दृश्य मोठे करणे. आडवी लघुरेषा लावल्यास संवादचौकट न उघडता सर्व प्रश्न आज्ञारेषेवर विचारले जातात. अधोरेषा लावल्यास आज्ञावलीची आवृत्ती जर्मन, फ्रेंच वा अन्य भाषेतील असली, तरी मूळ इंग्रजी नाव स्वीकारले जाते. एका देशात लिहिलेला आज्ञाक्रम दुसऱ्या देशात चालावा यासाठी ही सोय महत्त्वाची आहे. एस्केप कळीने आज्ञा रद्द होते, तर एफ-२ कळीने आतापर्यंतच्या आज्ञांची नोंद पाहता येते. चूक नेमकी कोठे झाली, हे शोधण्यास ही नोंद उपयोगी पडते. केवळ आकृतीवरून ते कळत नाही.

सहनिर्देशक देण्याच्या पद्धती : (१) निरपेक्ष पद्धतीत आदिबिंदूपासूनची क्ष व य अंतरे स्वल्पविरामाने विलग करून देतात, उदा., ४०००,३०००. (२) सापेक्ष पद्धतीत अंकांपूर्वी @ हे चिन्ह लावतात; मग अंतरे नुकत्याच दिलेल्या बिंदूपासून मोजली जातात. (३) ध्रुवीय पद्धतीत अंतर व कोन देतात. @१००<३० याचा अर्थ मागील बिंदूपासून ३०° च्या दिशेने १०० एकके असा होतो. (४) दर्शकाने दिशा दाखवून केवळ अंतर टंकित करण्याचीही सोय आहे. काटकोनी भिंती काढताना ती शीघ्र ठरते.

२००६ च्या आवृत्तीत आलेल्या दर्शकाजवळील अंकभरणीने ह्या पद्धतीत एक सूक्ष्म भेद निर्माण केला. आज्ञारेषेवर चिन्हाविना लिहिलेले सहनिर्देशक निरपेक्ष मानले जातात; दर्शकाजवळ लिहिलेले, दुसऱ्या बिंदूपासून पुढे, गृहीत नियमानुसार सापेक्ष मानले जातात. ४ मी. × ३ मी. खोलीसाठी ०,०, ४०००,०, ४०००,३०००, ०,३००० असे चार बिंदू दिले असता पहिल्या प्रकारे १२ चौ. मी. क्षेत्राचा आयत मिळतो. दुसऱ्या प्रकारे तेच अंक दिल्यास तिसरा बिंदू ८०००,३००० व चौथा ८०००,६००० येथे पडतो आणि १८ चौ. मी. क्षेत्राचा तिरपा चौकोन तयार होतो. अशा वेळी निरपेक्ष मूल्य अभिप्रेत असल्यास अंकांपूर्वी # हे चिन्ह लावावे लागते.

नियामक मूल्यांचे प्रकार : ऑटोकॅडमध्ये ह्या मूल्यांना प्रणाली-चल म्हणता येईल. प्रत्येकास नाव असते व ते नाव आज्ञेप्रमाणेच टंकित करून मूल्य पाहता वा बदलता येते. काही चलांची मूल्ये ० किंवा १ अशी होय-नाही स्वरूपाची असतात. काहींची पूर्णांक, दशांशयुक्त संख्या, बिंदू वा मजकूर अशी असतात. काही पूर्णांक अनेक पर्यायांची बेरीज असतात. ‘ऑस्मोड’ हे चल दर्शकाने वस्तूवरील कोणते बिंदू आपोआप पकडावेत हे ठरविते. त्यात टोकासाठी १, मध्यबिंदूसाठी २, वर्तुळमध्यासाठी ४ व छेदनबिंदूसाठी ३२ असे अंक आहेत; टोक, मध्यबिंदू व छेदनबिंदू हवे असल्यास १ + २ + ३२ = ३५ हे मूल्य देतात.

मूल्य कोठे साठविले जाते, ही बाब व्यवहारात सर्वांत महत्त्वाची आहे. काही मूल्ये आरेखनाच्या फाइलमध्येच राहतात व तिच्याबरोबर दुसऱ्या कार्यालयात जातात. काही त्या संगणकावरील वापरणाऱ्याच्या नावे नोंदली जातात व त्याने उघडलेल्या प्रत्येक आरेखनास लागू होतात. काही कोठेच साठविली जात नाहीत व आज्ञावली बंद होताच लोप पावतात. एकाच फाइलवर दोन आरेखकांना एकाच आज्ञेचा वेगवेगळा अनुभव येतो, त्याचे कारण बहुधा दुसऱ्या प्रकारात असते. एकाच आरेखकास दोन फाइलींत वेगळा अनुभव येतो, त्याचे कारण पहिल्या प्रकारात असते. दोष शोधताना प्रथम हा भेद ध्यानी घेतल्यास बराच वेळ वाचतो.

कोनाची दिशा : गणितात कोन पूर्वेकडील अक्षापासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात, ऑटोकॅडमधील गृहीत व्यवस्था हीच आहे. सर्वेक्षणात दिशाकोन सामान्यतः उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. ‘अँगबेस’ व ‘अँगडिर’ ह्या दोन चलांनी ही व्यवस्था बदलता येते व ती मूल्ये आरेखनात साठविली जातात. @१००<३० ही नोंद पहिल्या व्यवस्थेत बिंदूस पूर्वेकडे ८६·६० व उत्तरेकडे ५० एकके नेते. दुसऱ्या व्यवस्थेत पूर्वेकडे ५० व उत्तरेकडे ८६·६० एकके नेते. कोन ४५° असल्यास दोन्ही व्यवस्थांत बिंदू एकच येतो. त्यामुळे ४५° च्या एका रेषेने व्यवस्था तपासून पाहणाऱ्यास चूक आढळत नाही. तपासणीसाठी वेगळा कोन घ्यावा.

एकके : ऑटोकॅडच्या आरेखनातील १ हा अंक स्वतः मिलिमीटर, मीटर वा इंच नसतो; तो काय मानावयाचा हे आरेखक ठरवितो. ‘इन्सयुनिट्स’ हे चल त्या एककाची नोंद ठेवते व एक आरेखन दुसऱ्यात समाविष्ट करताना त्या नोंदीनुसार आकार आपोआप लहानमोठा केला जातो. २३० मिमी. जाडीची विटांची भिंत असलेले आरेखन मीटर ह्या एककातील आरेखनात घेतल्यास तिची जाडी ०·२३० होते. मूळ आरेखनात नोंद चुकून इंच अशी राहिली असेल, तर तीच भिंत ५·८४२ मी. जाड होते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. त्याहून घातक ती, जी दिसत नाही. आंतरराष्ट्रीय फूट म्हणजे ०·३०४८ मी.; अमेरिकी सर्वेक्षण फूट म्हणजे १२००/३९३७ मी. होय. दोहोंतील फरक दहा लाखांत दोन भाग एवढाच आहे. खोलीच्या मापात तो जाणवतही नाही. पण जेथे सहनिर्देशक २०,००,००० फुटांच्या घरात असतात, तेथे संपूर्ण नकाशा सु. ४ फुटांनी सरकतो. अमेरिकेत ३१ डिसेंबर २०२२ नंतर सर्वेक्षण फूट अधिकृत वापरातून काढून टाकण्यात आला; त्यापूर्वीच्या नकाशांत तो असल्याने हा भेद अजूनही सांभाळावा लागतो.

मापप्रमाण व दर्शन : ‘एलटीस्केल’ हे चल तुटक रेषेतील तुकड्यांची लांबी ठरविते. त्याचे मूल्य फार लहान असल्यास तुकडे एकमेकांत मिसळल्यासारखे होऊन रेषा अखंड दिसते. अभियांत्रिकीय आरेखनात तुटक रेषा न दिसणारी कड दाखविते व लहान-मोठ्या तुकड्यांची साखळीरेषा मध्याक्ष दाखविते. ह्या रेषा अखंड छापल्या गेल्या, तर आरेखनाचा अर्थच बदलतो. ‘डिमस्केल’ हे चल परिमाणाची अक्षरे व बाण यांचा आकार ठरविते. १ : १०० मापप्रमाणाने छापताना कागदावर २·५ मिमी. उंचीची अक्षरे हवी असल्यास मिलिमीटर एककाच्या आरेखनात ती २५० एकके उंच असावी लागतात.

दाखविलेली अचूकता व साठविलेली अचूकता या भिन्न गोष्टी आहेत. ‘एलयूप्रेक’ हे चल आज्ञावलीने दाखविलेल्या लांबीत दशांश स्थळे किती असावीत, एवढेच ठरविते. परिमाणांच्या आकड्यांसाठी तसेच वेगळे चल असते. दोन्हींचे मूल्य शून्य असल्यास ३,०००·४ मिमी.चे चार समान भाग प्रत्येकी ३,००० मिमी. असे दाखविले जातात, परंतु त्यांची एकूण लांबी १२,००२ मिमी. दाखविली जाते. कार्यशाळेत भागांची मापे वाचणारा व एकूण माप वाचणारा असे दोन कारागीर मग २ मिमी.च्या फरकाने काम करतात. दोष दोघांचाही नसतो.

आज्ञाक्रम : अनेक आज्ञा एका मजकुराच्या फाइलमध्ये ओळीने लिहून त्या एकदम चालविता येतात. अशा फाइलमध्ये शब्दांमधील रिकामी जागा ही सामान्यतः एंटर कळीप्रमाणे मानली जाते. म्हणून एक अनावश्यक रिकामी जागाही क्रम बिघडविते. आरेखकाने हाताने टंकित केलेले सहनिर्देशक गृहीत व्यवस्थेत बिंदू पकडण्याच्या सोयीवर मात करतात; आज्ञाक्रमातील सहनिर्देशकांना मात्र हा अपवाद लागू नसतो. त्यामुळे जवळच दुसऱ्या रेषेचे टोक असल्यास लिहिलेला बिंदू त्या टोकाकडे ओढला जातो. आज्ञाक्रम सुरू होण्यापूर्वी ‘ऑस्मोड’चे मूल्य शून्य करणे हा त्यावर उपाय होय.

येथे एक शिस्त पाळावी लागते. आज्ञाक्रमाने अथवा ऑटोलिस्पमधील कार्यक्रमाने प्रथम चालू मूल्ये नोंदवून ठेवावीत, आपले काम करावे व शेवटी ती पूर्ववत करावीत. काम मध्येच खंडित झाले, तरी ती पूर्ववत होतील अशी तरतूद असावी. अन्यथा परक्याने बदललेली मूल्ये मागे राहतात. फाइल उघडण्याची संवादचौकट एकाएकी दिसेनाशी होते, ही तक्रार बहुधा ‘फाइलडाया’ हे चल शून्यावर राहून गेल्यामुळे येते; ते टंकित करून मूल्य १ केले की, चौकट पूर्ववत दिसू लागते.

अन्य आज्ञावल्या : हीच तत्त्वे अन्यत्रही आढळतात. मायक्रोस्टेशन ह्या आज्ञावलीत निरपेक्ष, सापेक्ष व ध्रुवीय सहनिर्देशकांसाठी वेगवेगळी टंकित अक्षरे आहेत आणि मुख्य एकक व उपएकक आरेखनातच नोंदविलेली असतात. लिब्रेकॅड ह्या मुक्त आज्ञावलीतही आज्ञारेषा आहे. ओपनस्कॅड ह्या आज्ञावलीत तर आकृती हाताने काढताच येत नाही. संपूर्ण घनाकृती लिखित विधानांनीच सांगावी लागते.

महाराष्ट्रातील वापर : पुणे महानगरपालिकेसह राज्यातील काही नागरी संस्थांनी बांधकाम नकाशांच्या छाननीसाठी संगणकीय प्रणाली स्वीकारल्या आहेत. अशा छाननीत भूखंड, बांधीव क्षेत्र, मोकळी जागा इ. गोष्टी विहित नावांच्या थरांवर बंदिस्त बहुरेषांनी दाखवाव्या लागतात. संगणक त्या बहुरेषांवरूनच क्षेत्रे व अंतरे काढतो. मनुष्य-तपासनीस कोपऱ्यातील केसाएवढी फट दुर्लक्षितो व आकृतीचा हेतू ओळखतो. संगणकास ती आकृती उघडीच दिसते. अर्जदाराच्या घराचा नकाशा परत येण्यास डोळ्यांना न दिसणारी अशी फट पुरेशी ठरते. बहुरेषेचा शेवटचा बिंदू दर्शकाने निवडण्याऐवजी ‘क्लोज’ हा पर्याय टंकित केल्यास ही फट राहतच नाही.

दक्षता : कार्यालयाने एकके, थर, मजकूर व परिमाणे यांची मूल्ये निश्चित केलेली नमुना-फाइल ठेवून प्रत्येक नवे आरेखन तीपासून सुरू करावे. बाहेरून आलेल्या आरेखनात प्रथम एखादे ज्ञात माप, उदा., दाराची रुंदी, ‘डिस्ट’ ह्या आज्ञेने मोजून पहावे आणि कोनाची व्यवस्था पडताळावी. ‘लिस्ट’ ह्या आज्ञेने वस्तूचे साठविलेले सहनिर्देशक व ती बंदिस्त आहे की नाही हे कळते. ऑटोकॅडच्या २०१६ च्या आवृत्तीपासून निवडक चलांवर लक्ष ठेवून ती अपेक्षित मूल्यांपासून ढळल्यास सूचना देणारी सोयही उपलब्ध झाली. पाठविण्याच्या आरेखनावर एकक, मापप्रमाण व उत्तर दिशा शब्दांत लिहिण्याची कागदी काळातील प्रथा मात्र सोडू नये. जागेवर काम करणाऱ्या गवंड्याच्या वा यंत्रचालकाच्या हाती केवळ छापील आरेखन येते. त्यामागील नियामक मूल्ये पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. ती पडताळण्याची जबाबदारी त्यामुळे आरेखकाकडेच राहते.